आजार फौजेतला, ठपका बायकोवर

जवान सीमेवर मेला तर त्याच्या बायकोला आपण वीरपत्नी म्हणतो. प्रजासत्ताकदिनी तिला व्यासपीठावर बसवून साडी-नारळ देतो. तोच जवान डोकं बिघडून किंवा फेफरं घेऊन जिवंत परत आला, तर त्याची बायको कुणाचीच नसते. गाव म्हणतं, हिच्या पायगुणानं झालं. आणि मैत्रिणींनो, सरकारी कागदही काही वेगळं म्हणत नाही.

मुखेडसारख्या कोरडवाहू तालुक्यात फौजेतला पगार म्हणजे घराची एकमेव बांधीव मिळकत. तो 'बोर्ड आऊट' झाला की प्रश्न येतो अपंगत्व पेन्शनचा. अटी दोन. अपंगत्व किमान २० टक्के हवे, आणि आजार सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला हवा. पहिली अट डॉक्टर मोजतात. घोडं अडतं ते दुसरीवर. मानसिक आजाराच्या ज्या फायली माझ्यासमोर आल्या, त्यांत कारण म्हणून 'घरगुती ताण' लिहिलेले मी वाचले आहे. म्हणजे सेवेचा संबंध नाही, म्हणून पेन्शनही नाही.

घरगुती ताण म्हणजे कोण? वर्षाकाठी दोन-तीन महिने नवऱ्याचं तोंड पाहणारी आणि उरलेलं वर्ष सासू-सासरे, शेत, लेकरं एकटीनं ओढणारी बाई! घरापासून शेकडो कोस दूर राहण्याचा ताण नोकरीचा नाही, तर कुणाचा?

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग खटल्यात याचे उत्तर दिले आहे. हा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि फेफऱ्यामुळे सुमारे नऊ वर्षांनी त्याला घरी पाठवले. न्यायालय म्हणाले, भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असे धरावे. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची, जवानाची नव्हे. हा निकाल १९८२च्या नियमांवर आहे. २०२३ साली नवे नियम आले. ते आणताना अधिकाऱ्यांच्या खोट्या दाव्यांची बरीच चर्चा झाली. असतीलही काही खोटे. पण त्याची शिक्षा शिपायाच्या बायकोने का भोगावी?

आता या लढाईचा भार कुणावर पडतो ते पाहा. नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे. रेकॉर्ड ऑफिस मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला. पेन्शनचे मुख्य कार्यालय प्रयागराजला, सैन्यदल न्यायाधिकरण मुंबईला. नवरा धड बोलत नाही, तेव्हा फाइल काखेत मारून एस.टी.ने नांदेड गाठणारी बाईच असते. पत्र इंग्रजीत येते. ते वाचून घेईपर्यंत मुदत सरते. हक्क त्याने मरत नाही, हे खरे. पण तरसेम सिंग खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने उशिरा आलेल्या दाव्याची थकबाकी तीन वर्षांपुरतीच ठेवली. म्हणजे बाई जितकी वर्षे अंधारात, तितकी शासनाची बचत.

आणि तिच्या सेवेचे काय? पूर्ण १०० टक्के अपंग आणि सतत मदतनीस लागणाऱ्या जवानाला मदतनीस भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा ६,७५० रुपये ठरला. शुश्रूषा हे मोल असलेले काम आहे, हे शासनाला ठाऊक आहे तर! मग ६० टक्के अपंग नवऱ्याला रात्री-बेरात्री सांभाळणाऱ्या बाईचे श्रम फुकट कसे? तो तिचा पत्नीधर्म, म्हणून?

आमच्या मागण्या साध्या आहेत. नकाराचे पत्र कारणांसह मराठीत द्या आणि त्याची एक प्रत बायकोच्या नावे पाठवा. 'घरगुती ताण' लिहिण्याआधी तिचे म्हणणे नोंदवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तालुक्याला येऊन अपिले लिहून द्यावीत. अर्धवट अपंगत्वातही शुश्रूषेचा भत्ता द्यावा.

आणि ज्यांच्या घरी असा नकार ट्रंकेच्या तळाशी पडला आहे, त्यांनी तो आजच बाहेर काढावा. ती भीक नाही, थकलेली मजुरी आहे. त्याची, आणि तिचीही.