‘सिंथेटिक’ म्हणजे काय?

मोटारीच्या इंजिनात घालायचे ‘सिंथेटिक’ तेल म्हणजे लहान रेणू जोडून कारखान्यात घडवलेले, असा पूर्वी सरळ अर्थ होता. पुढे कॅस्ट्रॉलने हायड्रोजनची प्रक्रिया केलेले खनिज तेलच त्या नावाने विकले. मोबिलने तक्रार केली. १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींची छाननी करणाऱ्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. रसायनशास्त्रातल्या शब्दाचा अर्थ जाहिरातीच्या भांडणात ठरावा, हे मला पटत नाही. (तेल चांगले असते, हा भाग वेगळा!)

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असे काही छापलेले असते ते वाचा. पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसच्या दाटपणाचा. गाडीच्या पुस्तिकेत हेच आकडे आणि दर्जाची अक्षरे आहेत ना, एवढे वडिलांना विचारा.