माती एका तासिकेत वाळत नाही

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना दिले. या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंतांकडे काम शिकावं, असं धोरणात चक्क लिहिलंय. आयुष्यभर चित्रकला शिकवलेल्या बाईला ते वाचून बरं वाटणारच. पण जळगावात माझ्या ओळखीच्या शाळांत बघते, तर एक दिवस पोस्ट, एक दिवस बँक, एक दिवस रोपवाटिका आणि अर्धा दिवस कुंभारवाडा. मुलं रांगेने जातात, चाकाला प्रत्येकी एकदा हात लावतात, बाईंच्या मोबाइलमध्ये फोटो निघतो की चला परत. या उपक्रमाच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने हे दिवस टप्प्याटप्प्याने घ्यायची मुभा दिली. आपण त्यांचे पार तुकडे करून टाकले.

माझं मागणं एवढंच, की त्यातले आठ दिवस सलग मातीला द्या. आणि त्या आठ दिवसांत एकच वस्तू करा, फोटोची चौकट.

चौकटच का? चाकावर एका वेळी एकच मूल बसतं, उरलेला वर्ग धुडगूस घालतो. चौकट मातीच्या वळ्यांनी होते, आणि वळ्यांना चाक लागत नाही. पाट, लाटणं, ओलं फडकं झालं की पुरे. ज्याला कडबोळं वळता येतं त्याला वळी जमतेच. निवृत्तीनंतर मेहरूणला घराच्या ओट्यावर मी सुट्टीतल्या मुलांकडून हेच करून घेते.

पहिला दिवस माती चाळण्यात आणि मळण्यात जातो, जायलाच हवा. शेतातली काळी नुसती घेतली तर चौकट वाळताना उकलते. चैत्रात रानाला भेगा पडतात त्या याच मातीमुळे, ओलीने फुगायचं नि उन्हाने आकसायचं हा तिचा स्वभाव. म्हणून कुंभार गाळाच्या मातीत राख आणि लीद कालवतो. लिदीतला चोथा वाळताना माती धरून ठेवतो आणि भट्टीत जळून वाफेला वाट करून देतो. लीद म्हटल्यावर मुलं आधी नाक मुरडतात, मग कोपरापर्यंत माखून घेतात.

दुसऱ्या दिवशी पोळी लाटायची. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवलं की जाडी एकसारखी येते. मधली खिडकी कापताना गणित आडवं येतं. माती वाळून-भाजून साधारण १० टक्के आटते. शेवटी सहा इंचांची खिडकी हवी, तर आता केवढी कापायची? सगळे दहा टक्के मिळवून ६.६ इंच सांगतात. आटल्यावर ती ५.९४ उरते. फरक सुतापेक्षाही कमी, पण तो पडलाच का, यावर सातवीची मुलं अर्धा तास भांडतात.

वळी तळहाताने मधून कडेकडे लाटत न्यायची आणि पेन्सिलीएवढी झाली की थांबायचं. मग तिची चक्री करा, वेल करा, नागमोड करा. चिकटवताना पोळीवर आणि वळीवर काट्याने ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावायचा. नुसती दाबून बसवलेली वळी वाळल्यावर गळून पडते. खिडकीचा कोपरा काटकोनात कापला की तडा नेमका तिथूनच सुटतो, म्हणून तो बोटाने गोल करायचा आणि त्यावर आडवी वळी बसवायची. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण मुळात तो टेकू असतो.

पुढचे दिवस चौकट सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. रोज एकदा उलटायची. शाळेला नेमके हेच दिवस वाया गेलेले वाटतात. माझ्या ओळखीच्या कुंभारीण आजी चौकट गालाला लावून बघतात. गार लागली की "वल्लं शे आजून" म्हणत परत ठेवतात. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि चौकट फुटते, शेजारच्या चार घेऊन. हे फळ्यावर लिहून कळत नाही, रोज गाल लावावा लागतो.

याला पर्याय म्हणून दुकानात 'एअर ड्राय क्ले'ची पाकिटं मिळतात. रात्री दहाला आई चौकट करते, सोनेरी रंग फासते, सकाळी मुलाला 'उत्कृष्ट' मिळतं. सध्या 'लिप्पन'चे वर्गही जोरात आहेत. कच्छमधल्या बायका 'भुंगा' म्हणतात त्या गोल घरांच्या भिंतींवर माती नि शेण कालवून, आरसे बसवून हे काम करतात. आपल्याकडे ते एमडीएफच्या गोल पाटावर आलं आणि शेण गळालं. छंद म्हणून खुशाल करा. शाळेत मात्र ती पाकिटं नकोत, कारण त्या मातीला ना मळावं लागतं ना तिच्यासाठी थांबावं लागतं.

हे दिवस कधी घ्यायचे ते कुंभाराला विचारा. आखाजीच्या घागरी, पोळ्याचे बैल, गुलाबाई, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, मग संक्रांतीची सुगडं. सुगडांची घाई सुरू व्हायच्या आधी, मार्गशीर्षात, त्याला जरा उसंत असते. पावसाळ्यात माती वाळत नाही आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत ती भराभर वाळून तडकते. थंडीत बेताने वाळते. शिवाय मेहरूणची बोरं तेव्हाच यायला लागतात, हा माझा स्वार्थ.

अभ्यासक्रम मागे पडेल, असं मुख्याध्यापक म्हणणार. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली, ती हस्तोद्योगातूनच बाकीचे विषय शिकवायची. आपण मुलांना जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थात सहलीला नेतो, चरखा दाखवतो आणि परत येऊन 'पोर्शन'चं रडगाणं गातो. शेकडेवारीचं ते भांडण पोर्शनमध्येच होतं की!

तडकलेल्या चौकटीचे गुण कापू नका. ती का तडकली हे नीट लिहून आणणाऱ्याला पूर्ण गुण द्या. आणि कुंभाराला पाहुणा म्हणून बोलावून शाल-श्रीफळावर बोळवू नका. आठ दिवस त्याचं चाक बंद राहणार, तेव्हा त्या दिवसांची मजुरी, मातीचे आणि सरपणाचे पैसे वेगळे, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने दिवाळीच्या सुट्टीआधीच करून ठेवावा.