जुगाड म्हणू नका!

'जुगाड' हा शब्द हल्ली फारच लाडका झालाय. कुणी घरी काही बनवलं की लगेच, "वा, काय जुगाड केला!" म्हणणारे कौतुकानेच म्हणतात, पण मला त्या शब्दाचा राग येतो. जुगाड म्हणजे कसंबसं जमवणं, वेळ मारून नेणं. आजचं भागलं ना, उद्याचं उद्या! आणि नीट विचार करून, मोजूनमापून, तपासून केलेल्या वस्तूलाही आपण हेच नाव देतो. मग दोन्हींतला फरक मुलांना कळणार कसा?

हे सुचायचं कारण एक फ्रेम मोजायचं यंत्र. अकोल्याला माझा नातू आणि त्याचे दोन मित्र यांनी ते बनवलं. नात्यातल्या एकांकडे आठ मिलिमीटर फिल्मचा, चावीवर चालणारा जुना सिनेकॅमेरा पडून होता. सरकी पेरायची, आणि अंकुर वर येताना एकेक फ्रेम घेत जायची, असा पोरांचा बेत. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर पंधरा मिनिटांनी एक. म्हणजे दिवसाला ४८ आणि दहा दिवसांत ४८०. सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने पडद्यावर अर्धा मिनिट!

आता अडचण बघा. कॅमेऱ्यावर किती फिल्म संपली ते दाखवणारा काटा असतो, पण तो फुटांत दाखवतो. या फिल्मच्या एका फुटात ८० फ्रेम बसतात. दिवसभर ४८ वेळा खटका दाबला तरी काटा धड एक फूटही सरकत नाही. त्यात शाळेच्या वेळात खटका दाबणार आजी, दुपारी शेजारचा पोरगा. एखादी पाळी चुकली की दोनदा दाबलं, हे कळणार कसं? म्हणून काउंटर हवा.

पहिला विचार कॅल्क्युलेटरचा झाला. १ + १ करून 'बरोबर'चं बटण दाबत राहिलं की बऱ्याच कॅल्क्युलेटरवर आकडा एकेकाने वाढतो. पण काही मिनिटं हात लावला नाही तर तो आपोआप बंद पडतो आणि आकडाही जातो. इथे तर दोन फ्रेममध्ये पंधरा मिनिटं! मग उपाय सापडला शेगावच्या वाटेवर. बोटात घालायचं नामजपाचं काउंटर. एक बटण, एक आकडा. पडदा विझला तरी आकडा लक्षात ठेवणारं बघून घेतलं. कॉम्प्युटरच्या मोडक्या माऊसमधला छोटा स्विच काढला, पत्र्याच्या पट्टीवर बसवून कॅमेऱ्याच्या खटक्याखाली लावला, आणि त्याच्या दोन तारा जपाच्या बटणाच्या दोन टोकांना डाख देऊन जोडल्या. खटका दाबला की आकडा पुढे.

इथेच थांबले असते तर मीही जुगाडच म्हटलं असतं. पण पोरांपैकी एकाने विचारलं, "आजोबा, हे तर दाबणं मोजते. फ्रेम कुठं मोजते?"

या प्रश्नासाठी मी त्या पोराला शंभरपैकी शंभर दिले! या फिल्मच्या कडेला प्रत्येक फ्रेममागे एक भोक असतं. पोरांनी वाया गेलेली फिल्म कॅमेऱ्यात भरली, खिडकीशी पेनाने खूण केली, काउंटरवर ८० येईपर्यंत दाबत राहिले, त्याच जागी दुसरी खूण केली, आणि फिल्म काढून मधली भोकं मोजली. भरली ७६! कारण शोधलं. खटका अर्धाच दाबला तरी स्विच लागत होता, फिल्म मात्र सरकत नव्हती. पट्टी जरा खाली वाकवली, म्हणजे खटका पूर्ण दाबल्यावरच स्विच लागेल. चावीचा जोर कमी पडू नये म्हणून दर दहा फ्रेमनंतर चावी द्यायची असं ठरलं. मग तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ८० ला ८०.

आता माझा सवाल. हे कसंबसं जमवणं आहे का?

मी इतिहास शिकवायचो, म्हणून दोन दाखले देतोच. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ फिल्मवर थोडी थोडी टिपली, आणि ती दाखवून भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळवला. त्यानंतरच 'राजा हरिश्चंद्र'. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे. साधारणपणे एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. मोजणी सगळी मनगटात! कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी घेऊन १९१८ मध्ये कॅमेराच घडवला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. फिल्म खिडकीपुढे नेमकी थांबली नाही तर पडद्यावर चित्र थरथरतं. कसंबसं भागवून तिथे भागत नाही. पेंटरांच्या कॅमेऱ्याला जुगाड म्हणायची कुणाची छाती आहे?

"मोबाईलवर हे सगळं फुकटात होते, कायले एवढा खटाटोप?" असं माझे एक स्नेही म्हणाले. खरं आहे. नुसता अंकुर बघायचा असेल तर मोबाईलच घ्या. चित्र जास्त चांगलं येईल. फिल्म महाग आहे आणि धुऊन आणणं त्याहून कठीण. पोरांचा रोल अजून धुवायचाच आहे. पण मोबाईल मोजतो ते आत, आपल्याला न दाखवता. बरोबर मोजलं का, हा प्रश्नच पडत नाही. ज्याला हा प्रश्न पडत नाही तो उद्या पेट्रोलपंपावर, धान्याच्या काट्यावर, विजेच्या बिलावर तरी विचारणार आहे का? आमच्या वऱ्हाडात कापसाच्या मापात मारलेले शेतकरी मी लहानपणापासून बघत आलो. माप तपासता येणं ही चैन नाही हो.

आणि आता मूळ दुखणं. हेच यंत्र पोरांनी एका विज्ञान प्रदर्शनात मांडलं. परीक्षक आले, "छान जुगाड आहे" म्हणाले, 'फिनिशिंग'चे गुण कापले आणि पुढे गेले. भोकं मोजलेली फिल्म टेबलावरच होती, ती कुणी हातात घेतली नाही. बक्षीस मिळालं दुकानातून आणलेल्या, रंगीत दिव्यांच्या तयार मॉडेलला. त्या मुलाला दोष नाही. त्याला आपणच शिकवलं की विकत घे, चिकटव आणि पाठ केलेलं म्हणून दाखव. तयार मॉडेलला विज्ञान म्हणायचं आणि हातच्या कामाला जुगाड! दोन्हीकडे शब्द चुकलाय, आणि मराठीच्या जुन्या बी.ए.वाल्याला हे खुपणारच.

परीक्षकांनी, पालकांनी, आजी-आजोबांनी प्रत्येक टेबलापाशी एकच विचारावं. "हे बरोबर चालतं, हे तू कसं तपासलंस?" ज्याच्यापाशी उत्तर असेल त्याची वस्तू पुठ्ठ्याची असो की सोन्याची, ते विज्ञान. ज्याच्यापाशी नसेल, त्याला खुशाल जुगाड म्हणा.