पाण्यातल्या मोटारीचा जोड

विहिरीतली मोटार जळाली की आपण नशिबाला बोल लावतो. पुष्कळदा दोष असतो तो केबलच्या जोडाचा. काळी चिकटपट्टी पाण्यात सैल होते, आत ओल शिरते. मग मोटार बिघडते आणि पाण्याला हात लावणाऱ्याला धक्का बसण्याचेही भय असते.

यावर हीट श्रिंक नळी चांगली. तापवली की ती आक्रसून तारेवर घट्ट बसते. पाण्यातल्या जोडासाठी दुकानात आतून गोंद असलेलीच मागा.

आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. ऑटो लावलेला असला तर वीज येताच मोटार सुरू होते.

तारा जोडण्यापूर्वीच तिन्हींवर बारीक नळ्या आणि केबलवर एक मोठी नळी ओवून ठेवा. तिन्ही जोड एका जागी न घेता पुढेमागे घ्या. तांब्याच्या फेरूलमध्ये तारा पक्क्या दाबा. मग हीट गनने मधून टोकांकडे, सगळीकडून सारखी ऊब द्या. आधी बारीक नळ्या, मग मोठी. टोकाशी गोंद डोकावला की तोंड बंद झाले समजा. थंड होईतो हलवू नका.

मोटार सोडण्यापूर्वी वायरमनकडून मेगर लावून तपासून घ्या. केबल पाइपाला टायने जागोजाग बांधा, म्हणजे जोडावर वजन येत नाही.

नळीला चार पैसे जास्त पडतात खरे. पण मोटार वर काढण्याची मजुरी वाचते, आणि विहिरीवर गेलेले माणूस सुखरूप घरी येते.