विश्लेषण : ‘शक्तिपीठ’ नको म्हणून राज्याची तिजोरीच अडवायची का?

शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापुरात तीव्र विरोध आहे. शेतकरी रस्त्यावर उतरले, सत्ताधारी पक्षांतील नेत्यांनीही नाराजी बोलून दाखवली. मात्र विधिमंडळात खर्चाला मंजुरी देण्याची वेळ येते, तेव्हा ही नाराजी मतदानात उतरत नाही. नको असलेल्या खर्चासाठी आमदारांनी विनियोजन विधेयकच का अडवू नये? अमेरिकेत असे घडते आणि सरकार ‘बंद’ पडते. आपल्याकडे तसे घडू शकते का, घडावे का आणि नसेल तर दुसरा मार्ग कोणता, याचा हा आढावा.

वाद नेमका कशाचा?

वर्धा जिल्ह्यातील पवनार ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी असा ८०२ किलोमीटरचा हा प्रस्तावित महामार्ग बारा जिल्ह्यांतून जाणारा म्हणून आखला गेला. राज्य मंत्रिमंडळाने २४ जून २०२५ रोजी भूसंपादन आणि नियोजनासाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांना मान्यता दिली. त्यातील १२ हजार कोटी ‘हुडको’कडून कर्जाऊ घेण्याचे ठरले. संपूर्ण प्रकल्पाचा तेव्हाचा अंदाज ८६ हजार कोटींच्या घरात होता.

तीर्थक्षेत्रे जोडली जातील आणि मराठवाड्याच्या मागास भागाला चालना मिळेल, असे समर्थक सांगतात. बारमाही पाण्याखालची ऊसशेती जाईल, भरावामुळे पुराचे पाणी तुंबेल आणि रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना समांतर रस्ता कशाला, असे विरोधक विचारतात. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या पंचगंगा खोऱ्यात भरावाची भीती निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, याच जिल्ह्यातील काही लोकप्रतिनिधींना हा रस्ता हवा आहे, हेही तितकेच खरे.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यातील भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. निवडणुकीत जिल्ह्यातील दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या बाजूच्या उमेदवारांनी जिंकल्या. त्यानंतर प्रकल्प पुन्हा पुढे सरकला. जूनमधील मंत्रिमंडळ बैठकीत हसन मुश्रीफ आणि प्रकाश आबिटकर या कोल्हापूरच्याच मंत्र्यांनी विरोधाचा सूर लावल्याच्या बातम्या आल्या. निर्णय मात्र झाला. सहाच दिवसांनी, ३० जूनला, पावसाळी अधिवेशनात सरकारने ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. त्यातील प्रत्येक बाबीवर वेगळा विचार करून मत देण्याची मुभा सत्ताधारी आमदारांना होती का, हा या वादातला कळीचा प्रश्न आहे.

अमेरिकेत सरकार ‘बंद’ कसे पडते?

तिथे अध्यक्ष आणि काँग्रेस स्वतंत्रपणे निवडून येतात. खर्चाचे विधेयक अडले म्हणून अध्यक्ष पायउतार होत नाही. सरकार खुर्चीवर राहते, पण खर्चाची परवानगी संपते. मंजुरीशिवाय खर्च करण्यास मनाई करणारा कायदा १८८४ पासून आहे. तरीही अनेक दशके अशा मधल्या काळात कार्यालये चालूच राहत. १९८० मध्ये तेव्हाच्या महान्यायवादींनी कायद्याचा काटेकोर अर्थ लावला आणि तेव्हापासून टाळे लागू लागले. १९९५-९६ मध्ये सलग २१ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात ४३ दिवस.

२०२५ च्या या ‘बंद’मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची मागणी आरोग्य विम्यावरील सवलती चालू ठेवण्याची होती. लाखो कर्मचारी बिनपगारी राहिले, गरिबांच्या अन्नमदतीचे पैसे खोळंबले, मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करावी लागली. अखेर सरकार सुरू झाले तेव्हा पदरात पडले ते सिनेटमध्ये मतदान घेण्याचे आश्वासन. सवलतींची मुदतवाढ नव्हे. नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात. इथे नाक दाबले गेले भलत्याचेच. ज्यांच्यात भांडण होते त्यांना झळ बसली नाही आणि ज्यांना बसली त्यांचा भांडणाशी संबंध नव्हता.

आपल्याकडे असे का होत नाही?

कारण आपल्याकडे तिजोरीची किल्ली आणि सरकारची खुर्ची एकत्र बांधलेली आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार कायद्याने मंजूर झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. अनुच्छेद २०३ प्रमाणे अनुदानाच्या मागण्या विधानसभेपुढे येतात आणि २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक मंजूर होते. हे विधेयक विधानसभेत पडले, तर सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला असे मानले जाते आणि त्याला जावे लागते. ‘बंद’ पडण्याआधी सरकारच पडते.

सरकार पडल्यावरही तिजोरी बंद राहू नये, याची सोय आहे. अनुच्छेद २०६ प्रमाणे काही महिन्यांपुरते लेखानुदान घेता येते. राष्ट्रपती राजवट लागली आणि संसदेचे अधिवेशन नसले, तर अनुच्छेद ३५७ नुसार राष्ट्रपती खर्चाला तात्पुरती परवानगी देऊ शकतात. राजकीय प्रघातही याच बाजूचा आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले, २६९ विरुद्ध २७०. तरीही लोकसभा विसर्जित होण्यापूर्वी त्याच सरकारचा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर झाला. ज्यांनी सरकार पाडले त्यांनीही देशाचा खर्च अडवला नाही.

शेजारच्या कर्नाटकात जुलै २०१९ मध्ये कुमारस्वामी सरकार कोसळले, तेव्हा लेखानुदानाची मुदत ३१ जुलैला संपत होती. २६ जुलैला शपथ घेतलेल्या येडियुरप्पांनी २९ जुलैला विश्वासमत मिळवले आणि त्याच दिवशी आधीच्या सरकारने तयार केलेले वित्तविषयक प्रस्ताव जसेच्या तसे मंजूर करून घेतले.

खर्चाचे विधेयक खरोखरच अडले तर?

त्याचा धडा उत्तराखंडमध्ये मिळतो. १८ मार्च २०१६ रोजी भाजपच्या २६ आणि काँग्रेसच्या ९ बंडखोर आमदारांनी विनियोजन विधेयकावर मतविभाजन मागितले. अध्यक्षांनी विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे जाहीर केले. वाद पेटला, २७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली आणि नव्या आर्थिक वर्षाच्या खर्चासाठी राष्ट्रपतींना अध्यादेश काढावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले, १० मे रोजी बहुमत चाचणी झाली आणि हरीश रावत यांचे सरकार परतले. या साऱ्या गदारोळात विधेयकातील कोणता खर्च आक्षेपार्ह होता, याची चर्चा कुठेच झाली नाही. विधेयक हे निमित्त होते, लक्ष्य खुर्ची होते.

शक्तिपीठासाठी विनियोजन विधेयक पाडले, तरी हेच होईल. मुंबईत संख्येचे गणित सुरू होईल आणि महामार्गाचा प्रश्न बाजूला पडेल. दरम्यान खर्चाची परवानगी खरोखर संपलीच, तर काय थांबेल? सीपीआर रुग्णालयातील औषधखरेदी, जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांचे पगार, संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे अनुदान, लाडक्या बहिणींचे हप्ते. ज्या भूमीहीन मजुराची एक गुंठाही जमीन महामार्गात जाणार नाही, त्याच्या घरातली चूल आधी थंडावेल. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

मग एकाच खर्चाला ‘नाही’ म्हणता येत नाही का?

कागदावर येते. अनुच्छेद २०३ विधानसभेला मागणी मंजूर करण्याचा, नाकारण्याचा किंवा तिची रक्कम कमी करण्याचा अधिकार देतो. त्यासाठी कपात सूचना आहेत. धोरणाला विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची, काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कमी करण्याची आणि गाऱ्हाणे नोंदवण्यासाठी शंभर रुपये कमी करण्याची सूचना मांडता येते. अख्खे विधेयक न पाडता नेमक्या खर्चावर बोट ठेवण्याचे हे हत्यार घटनाकारांच्या व्यवस्थेतच आहे.

ते बोथट झाले आहे, त्याची कारणे चार.

पहिले, पक्षादेश. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते. हिमाचल प्रदेशात फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्थसंकल्पाच्या वेळी पक्षादेश न पाळल्याबद्दल काँग्रेसचे सहा आमदार अपात्र ठरले. त्यामुळे कागल किंवा राधानगरीच्या मतदाराला काहीही वाटो, त्याच्या आमदाराचे मत पक्ष कार्यालयात आधीच ठरलेले असते.

दुसरे, वेळ. चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या सर्व मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. संसदीय भाषेत याला ‘गिलोटीन’ म्हणतात. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च गोंधळात, चर्चेविना मंजूर केला. विधिमंडळांतही वेगळे चित्र अपवादानेच दिसते.

तिसरे, सभागृह. शक्तिपीठविरोधी आंदोलनातील एक प्रमुख नेते सतेज पाटील विधान परिषदेचे सदस्य आहेत. अनुदानाच्या मागण्यांवर परिषदेत मतदान होत नाही आणि धन विधेयक तिला चौदा दिवसांपेक्षा जास्त रोखता येत नाही.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. मोठ्या प्रकल्पांचा बराचसा पैसा अर्थसंकल्पाच्या दारातून येतच नाही. महामंडळ कर्ज काढते, सरकार पाठीशी उभे राहते. मागणीच सभागृहापुढे आली नाही, तर कपात सूचना कशावर आणणार? फेडीची वेळ येते तेव्हा मात्र तो बोजा राज्याच्याच गळ्यात पडतो.

राज्याला हे परवडते का?

अर्थमंत्री म्हणून अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांचा होता. त्यात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती आणि कर्जाचा बोजा ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज होता. त्यावर चार महिन्यांच्या आत आलेल्या पुरवणी मागण्या मूळ खर्चाच्या आठ टक्क्यांहून जास्त होत्या. पुरवणी मागणी ही अनपेक्षित खर्चासाठी असते. अर्थसंकल्पाची शाई वाळण्याआधीच एवढी भर पडत असेल, तर मूळ अर्थसंकल्पावरील चर्चेला अर्थ उरत नाही. अशा स्थितीत एखाद्या प्रकल्पाला ‘आत्ता नको’ म्हणण्याचा अधिकार आमदाराला हवा. तो मागणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

पुढे काय व्हावे?

तिजोरी अडवणे हा मार्ग नव्हे. अमेरिकेने तो वापरून पाहिला. किंमत मोठी मोजली, हाती थोडे आले. पण ‘आपल्याकडे सरकार बंद पडत नाही’ यात फार समाधान मानण्यासारखेही काही नाही. तिकडे खर्चावरचे भांडण टोकाला जाते, इकडे ते होतच नाही. ‘सगळे स्वीकारा नाहीतर सरकार पाडा’ एवढेच दोन पर्याय समोर ठेवले, तर सत्ताधारी आमदार पहिला निवडणार हे उघड आहे.

तिसरा पर्याय जिवंत करता येतो. ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या प्रत्येक नव्या प्रकल्पाची मागणी स्वतंत्रपणे मांडावी आणि ती ‘गिलोटीन’मधून वगळावी. महामंडळांची कर्जे आणि त्यांना दिलेली हमी यांवर सभागृहात मतदान व्हावे. संसदेत १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात, तशी छाननी मतदानाआधी विधिमंडळातही बंधनकारक असावी. त्यासाठी वेळ लागेल तेव्हा लेखानुदान आहेच; पगार, औषधे आणि निवृत्तिवेतन त्यावर चालते. सर्वांत अवघड पण गरजेचा बदल म्हणजे एखाद्या मागणीवरील कपात सूचनेपुरता पक्षादेश काढू नये आणि ती मंजूर झाली तरी सरकारने राजीनामा देण्याचा प्रघात सोडावा. सरकारवरील विश्वास आणि एका रस्त्यावरील विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर रास्त आक्षेप आहे. आमदाराला मोकळे सोडले तर प्रत्येक जण आपल्या गावच्या रस्त्यासाठी सरकारला वेठीला धरेल. पण घटनेने त्याची काळजी आधीच घेतली आहे. सभागृहाला मागणी कमी करता येते, वाढवता येत नाही. आपल्या गावासाठी जास्तीचे पैसे कपात सूचनेतून काढताच येत नाहीत. फार तर एखादा खर्च वाचेल किंवा पुढे ढकलला जाईल.

कोल्हापूरने टोलविरोधी लढा रस्त्यावर लढला आणि जिंकला. पण प्रत्येक प्रश्न रस्त्यावरच सुटत असेल, तर तो विधिमंडळाचा पराभव ठरतो. शक्तिपीठाचा मार्ग बदलेल, प्रकल्प होईल किंवा रद्दही होईल. त्याचा निर्णय काहीही लागो, जिल्ह्याच्या दहा आमदारांना त्यावर नावानिशी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागले पाहिजे. ते मत नोंदवले गेले, की मतदारांना पुढचा हिशेब मांडता येईल.