हुतूतूचा दम आणि धंद्याचा दम

दिवाळीच्या फराळाला चार घरची मंडळी जमली की पूर्वी चिरंजीवांच्या नोकरीची चौकशी होत असे. आता त्या प्रश्नाला "नोकरी सोडली, स्टार्टअप काढतोय" असे उत्तर कुठल्याही घरात येऊ शकते. चिरंजीवांच्या जागी कन्यारत्न असले तरी उत्तर तेच. मग तीर्थरूपांच्या हातातली चकली हातातच राहते आणि मातोश्रींच्या एवढेच ध्यानात येते, की प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांवर कुणाचा तरी डोळा आहे. मुलाला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला छाती होत नाही. अशा घरांनी क्षणभर आपल्या हुतूतूच्या मैदानाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

हुतूतू म्हणा, कबड्डी म्हणा, खेळाचे मर्म एकच. समोर सात गडी. चढाई करणारा एकटाच मध्यरेषा ओलांडून जातो. एका दमात, आणि आजच्या नियमांप्रमाणे 30 सेकंदांत, त्याला शिवायचे असते आणि परत यायचे असते. हे परत येणेच महत्त्वाचे. त्याने साती गड्यांना हात लावला, पण मध्यरेषेपूर्वी पकडला गेला किंवा दम सुटला, तर त्या शिवण्याचा एकही गुण नाही आणि तो स्वतःच बाद! धंद्यात गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणे ही चढाई, आणि हातातले भांडवल हा दम. जाहिरात लाखोंनी पाहिली, सवलतीचा माल हजारोंनी नेला, हे झाले शिवणे. घातलेला पैसा नफ्यासह घरी आला, तरच गुण मांडायचा.

अमेरिकेतल्या 'पेट्स डॉट कॉम' या कंपनीची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. कुत्र्यामांजरांचे खाणे इंटरनेटवरून घरपोच द्यायचे, हा तिचा धंदा. मोज्यापासून केलेले कुत्र्याचे बाहुले तिच्या जाहिरातीत बोलत असे आणि ते देशभर लाडके झाले. जानेवारी 2000 मध्ये 'सुपर बोल' या तिथल्या सर्वांत मोठ्या सामन्यात तिने लाखो डॉलर मोजून जाहिरात दिली. फेब्रुवारीत शेअर विकून 8 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. पण माल खरेदीपेक्षा कमी भावात विकायचा आणि जड पिशव्या पोहोचवण्याचा खर्चही स्वतःच सोसायचा, असा कारभार होता. गिऱ्हाईक वाढे तसा तोटा वाढे. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीला टाळे लागले. शिवले पुष्कळांना, परत मात्र येता आले नाही.

मग काय, चढाईच करू नये? छे! मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा असते. कुणालाही न शिवता आणि ती रेषा एकदाही न ओलांडता परतणारा गडी बाद ठरतो. तेव्हा घरात बसून नुसते बोधचिन्ह रंगवणारा आणि भेटीची कार्डे छापून घेणारा उद्योजकही बादच समजावा. आत शिरायलाच हवे; फक्त कुणाला शिवायचे ते आधी ठरवून. मुरलेला चढाईपटू साती जणांच्या मागे धावत नाही. तो एक कोपरा हेरतो.

ओरेगॉनच्या फिल नाइटने असाच कोपरा हेरला होता. 1964 साली त्याने आणि बिल बॉवरमन या त्याच्या प्रशिक्षकाने प्रत्येकी 500 डॉलर घालून जपानी बूट विकायला घेतले. नाइट स्वतः धावपटू. तो मोटारीच्या डिकीत बूट भरून धावण्याच्या शर्यतींना जाई आणि मैदानावरच धावपटूंना विकी. पायाला काय टोचते हे ज्याला ठाऊक, तो आणि ज्याला टोचते तो, यांच्यामध्ये जाहिरातदार हवा कशाला? पहिल्या वर्षाची विक्री सुमारे 8 हजार डॉलर. त्याच पेढीची पुढे 'नाइकी' झाली.

आपल्या शेजारच्या गुजरातेतही हेच घडले. सरकारी नोकरीत असलेल्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये अहमदाबादेत घरीच धुण्याची पावडर बनवली आणि सायकलीवरून दारोदार विकली. नामांकित पावडर ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्या गृहिणी हाच त्यांचा कोपरा. माल दारात उतरे आणि पैसा सायकलीबरोबर घरी येई. 'निर्मा'चे ते घराघरांत पोहोचलेले गाणे नंतरचे, दम साठल्यावरचे.

आणखी एक नियम आईबापांनी ध्यानात ठेवावा. एखादी चढाई रिकामी गेली म्हणून कुणी खेळाडूला हसत नाही. समोरच्यांचा अंदाज त्यातूनच येतो. मात्र प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाही तर गडी बाद. मुलालाही दोन रिकाम्या चढायांची मुभा द्यावी, पण तिसरी कधी ते आधीच ठरवावे. ठरवायचे राहिले, की एक फंड संपल्यावर दुसरा, मग दागिने, मग घरावर कर्ज, अशी रांग लागते.

तेव्हा यंदा पाडव्याला नव्या धंद्याचा मुहूर्त करायचा असेल, तर वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाल्यावर मुलाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पहिले गिऱ्हाईक नेमके कोण? एक गिऱ्हाईक मिळवायला किती खर्च, आणि त्याच्याकडून किती दिवसांत किती परत? आणि कोणत्या तारखेला, किती रक्कम उरली असता, थांबायचे? आकडे त्याच्या हातचे असावेत आणि खाली सही आईबापांचीही असावी. एवढे झाले, की खुशाल पाठीवर थाप मारून त्याला मैदानात सोडावे.