प्रवर्तकांचे वॉरंट, शिक्षकाचे निवृत्तिवेतन

धाराशिव जिल्ह्यात 'वॉरंट' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती जप्ती अथवा अटक. भांडवलदारांच्या कोशात मात्र याच शब्दाला भाग्य लाभले आहे! तेथे वॉरंट म्हणजे आज ठरलेल्या भावाने उद्या शेअर घेण्याचा हक्क, बंधन नव्हे. प्रवर्तकाने पाव रक्कम भरावी नि अठरा महिने वाट पाहावी. भाव चढला तर बाकी रक्कम भरून शेअर पदरात पाडून घ्यावेत. पडला तर पाव रकमेवर पाणी सोडावे.

हिशेब साधा आहे. वॉरंटे नसती तर ज्या कंपनीच्या १ कोटी शेअरचा भाव २०० रुपये राहिला असता, तिची २० लाख वॉरंटे १०० रुपयांनी शेअरमध्ये रूपांतरित झाली, तर कंपनीत २० कोटी येतात. पण २२० कोटींचे वाटेकरी होतात १ कोटी २० लाख. शेअर १८३ रुपयांवर येतो. जुन्या भागधारकांचे सुमारे १७ कोटी गेले, तेवढेच प्रवर्तकांना मिळाले. बाजार हे आधीच ओळखतो, म्हणून रूपांतराच्या दिवशी भाव कोसळतोच असे नाही. घट आधीच पचवलेली असते, टळलेली नसते.

एप्रिल २००७ मध्ये रिलायन्सने प्रवर्तकांना १,४०२ रुपये भावाने १२ कोटी वॉरंटे दिली. तेव्हा आगाऊ भरणा केवळ १० टक्के होता. जानेवारी २००८ मध्ये शेअर तीन हजारांपलीकडे गेला. ऑक्टोबरात रूपांतर झाले. त्याच मंदीत इतर अनेक प्रवर्तकांनी मात्र वॉरंटे सोडून दिली. २००९ मध्ये सेबीने भरणा २५ टक्के केला. चोरवाट अरुंद झाली, बंद झाली नाही.

कळंब-परंड्याच्या शिक्षकाला याचे काय, असे आपलेच कार्यकर्ते विचारतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांच्या निवृत्तिवेतनाचा काही हिस्सा शेअरबाजारात गुंतला आहे. मार्च २०२३ चा संप उगाच झाला नव्हता. सहकारी कारखान्यात सभासदाला निदान एक मत असते. (ढोकीच्या 'तेरणा'चे धुराडे अनेक हंगाम थंड राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही.) कंपनीत मत शेअरला, आणि प्रत्येक वॉरंट प्रवर्तकाचे मत वाढवते.

नव्या भांडवलाला आमचा विरोध नाही. पण प्रवर्तकांनी पूर्ण रक्कम प्रथमच भरावी. आणि आयुर्विमा महामंडळ व निवृत्तिवेतन निधी यांनी अशा ठरावांवर कोणते मत दिले, ते मराठीत छापून जिल्ह्याजिल्ह्यांत लावावे.